तीन ओळींची जागा

१८ ऑक्टोबर १९८७, रविवार. डोंबिवली

काल हेमूकडून तिकीट आलं. मुंबई ते लंडन, सोळा डिसेंबर. नाताळच्या सुट्टीत मुकुंदला घरी थोडा वेळ मिळतो, म्हणून तेव्हाचं काढलं आहे. एकच तिकीट.

ही वही त्यासाठीच काढली. कोलशेतच्या कारखान्यात चौतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली. तिथली पद्धत अशी, की आधी पेन्सिलीने काढायचं, चुकलं तर खोडायचं, पक्कं झालं की मगच शाई. हेमूला जे सांगायचं आहे ते मी आधी इथे पेन्सिलीने लिहून बघणार आहे. मला बोलायची सवय नाही. घरात बोलण्याचं काम कांता करत असे.

सांगायचं एवढंच आहे. हेमू, तुझी आई सात एप्रिलला गेली.

लिहून झालं. मग तोंडाने म्हणून पाहिलं. अर्ध्यावर थांबलो.

सहा महिने का सांगितलं नाही, हे ती विचारणारच. तेही लिहून ठेवतो. हेमू इंग्लंडात शेफील्डला असते. जावई मुकुंद तिथे डॉक्टर. लग्नाला सहा वर्षं, त्यात दोनदा दिवस राहून गेले. एप्रिलमध्ये तिला सहावा महिना होता आणि पलंगावरून उतरू नका असं तिला सांगितलेलं होतं. कांता गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी शालन म्हणाली, "भावोजी, आत्ता कळवलंत तर एकीच्या जागी तीन जातील. पोरीला बाळंत होऊ दे." शालन म्हणजे कांताची धाकटी बहीण, ठाण्याला नौपाड्यात असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मुकुंदलाही कळवायचं नाही ठरलं, कारण त्याच्या तोंडावर सगळं दिसतं. अकरा जुलैला मुलगी झाली. गार्गी. मग शालन म्हणाली, अंगावर पाजते आहे, दूध आटेल. त्यानंतर मात्र मीच म्हणालो, पत्राने नको, मी समोर जाऊन सांगतो.

तोवर पत्रं थांबवून चालणार नव्हतं. दर पंधरा दिवसांनी एक एअरोग्राम जातो. मी लिहितो आणि खाली कांतासाठी तीन ओळींची जागा सोडतो. ती ओट्याशी उभ्याउभ्याच त्या तीन ओळी खरडायची. "त्या नसल्या तर पोरगी पहिल्याच पत्रात ओळखेल," असं शालनचं म्हणणं. शालन नागपूरला होती तेव्हाची कांताची पत्रं तिने जपून ठेवली होती, तो गठ्ठा मला आणून दिला. त्यातले शब्द खिडकीच्या काचेवर ठेवून मी एअरोग्रामवर उतरवतो. नवव्या दिवशी पहिलं पत्र लिहिलं. सुतकात श्री काढायचा नसतो, म्हणून वरची जागा कोरी सोडली.

कांताच्या ओळी उजवीकडे वर चढत जायच्या. जन्मभर सांगितलं, खाली रेघांचा कागद ठेव. ठेवला नाही. मी ठेवतो. अक्षर हुबेहूब येतं. माझ्या ट्रेसिंगला ऑफिसात कधी कोणी नाव ठेवलं नव्हतं.


२२ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी. आपल्याकडे यंदा काही नाही. कंदील लावला नाही. खालच्या विमलाबाई फराळाचं ताट देऊन गेल्या. त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात आहेत, त्यामुळे त्यांच्या घरी फोन आहे आणि हेमूचा फोन तिथेच येतो. आज संध्याकाळी आला. मी चप्पल न घालताच जिना उतरलो.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"कोणी..." आवाज गेला. लाइन तशीच असते. परत आला तेव्हा म्हणाली, "काय केलं होतं आईने?"

"अळूचं फदफदं."

"दिवाळीला फदफदं?"

"तिला वाटलं, केलं."

"बरं," हेमू म्हणाली. थोडी थांबून म्हणाली, "बाबा, पायात काहीतरी घालत जा. फरशी गार असते."

आई देवळात गेली आहे, हे उत्तर मी तयार ठेवलं होतं. आईला फोन द्या म्हणून ती म्हणालीच नाही. वाचलो.

फोन ठेवला तर विमलाबाई दारात उभ्या. "सखारामभाऊ, देवळात पाठवता पाठवता एक दिवस कांताबाईंना काशीला पाठवाल तुम्ही. सांगून टाका हो. मुली कळत्या असतात."

मी म्हटलं, समोरासमोर सांगणार आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही? समोरासमोर? वाण्याकडे तूरडाळ जास्त आली तर परत द्यायला बाईंना पाठवायचात." 

खरं आहे.


३ नोव्हेंबर, मंगळवार

हेमूचं पत्र आलं. गुडघ्यांमुळे आई येऊ शकत नाही आणि तिला विमानाची भीती वाटते, असं मी गेल्या पत्रात लिहिलं होतं. त्यावर तिने एक शब्दही लिहिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी हीच हेमू, आईला विमानात बसवल्याशिवाय मी जाणारच नाही म्हणून विमानतळावर रुसली होती. स्वतः आई झाल्यावर समजूत येते, असं दिसतं.

दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, आईची घरात नेसायची दोन जुनी पातळं. गार्गीला दुपटी शिवायची आहेत. पुढे लिहिलं आहे, "धुऊ नका. आहेत तशी आणा." लंडनला कस्टमवाले बॅग उघडून बघतात म्हणे. त्यांच्यासमोर न धुतलेले कपडे काढायचे? मी आजच दोन्ही पातळं साबणाने दोनदा धुतली, उन्हात वाळवली, इस्त्रीला दिली.

दुसरी गोष्ट अवघड आहे. "आईला सांगा, तिच्या तीन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचते. तीनच का? थोडं जास्त लिहायला सांगा ना."

ती मागते आहे आणि मी देतो आहे, आणि हे सगळं तिला डिसेंबरात कळणार आहे. तेव्हा ती काय करेल? आई गेली हे ती कदाचित सोसेल. बापाने आईचं अक्षर काढून आपल्याला फसवलं, हे सोसेल का? मला एकच मूल आहे.


१० नोव्हेंबर, मंगळवार

पाच ओळी द्यायच्या म्हणजे नवे शब्द लागतात. शालनकडच्या पत्रांत पापड, कुरडया, सासूबाई, नळाचं पाणी, हेमूची परीक्षा असं सगळं आहे. पण "नात" हा शब्द कुठेच नाही. कसा असणार? "नाही" मधला ना घेतला, "तब्येत" मधला त घेतला, जोडले. दोन तास गेले. शब्द बरा जमला. कांताने तो कधी लिहिलाच नव्हता, आणि आता तिच्या अक्षरात तो कागदावर आहे. मी उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

शेवटी अशा ओळी झाल्या: "चि. हेमू, नातीला तेल जिरवून लाव. थंडीत डोकं उघडं ठेवू नकोस. मुकुंदला ताक देत जा. बाबांना पाठवते आहे, त्यांना मागून वाढ, ते मागणार नाहीत. माझी काळजी नको."

शेवटचं वाक्य जुन्या पत्रातलं अख्खंच मिळालं.


१७ नोव्हेंबर, मंगळवार

व्हिसाची मुलाखत झाली. खिडकीमागे एक गोरी बाई होती, वयाने हेमूएवढी. कागद चाळत तिने इंग्रजीत विचारलं, तुमच्या पत्नी सोबत येत नाहीत का?

मी इंग्रजीतच म्हणालो, शी एक्स्पायर्ड.

ती म्हणाली, आय अॅम सॉरी, आणि शिक्का मारला.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. सात महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा पूर्ण उच्चारलं होतं. घरी कोणाला सांगायची वेळच आली नाही, सगळे न सांगताच जमले होते. इंग्रजीत ते सोपं जातं. पासपोर्ट एक्स्पायर झाल्यासारखं. हेमूला इंग्रजीत सांगावं का? तिथे राहते, तिला चालेल. पण नको. कांताला ते समजलं नसतं.


२० नोव्हेंबर, शुक्रवार

हेमूची या वर्षातली पत्रं तारीखवार लावली, सोबत नेईन म्हणून. हेमूला मी लहानपणी शिकवलं होतं, साधी यादी करायची असली तरी कागदावर आधी श्री. तिची सगळी पत्रं तशीच आहेत. फक्त एकावर नाही. एक मेचं आहे, म्हणजे माझ्या सुतकातल्या पत्राचं उत्तर. चारच ओळी आहेत आणि वरची जागा कोरी. पोटुशी होती, पलंगावर पडून लिहिलं असेल. विसरली.


२९ नोव्हेंबर, रविवार

आज तरी हे लिहितो. नाहीतर हेमूसमोर तोंडातून निघणार नाही.

सात एप्रिल, मंगळवार. सकाळी साडेआठला कांता म्हणाली, कोथिंबीर आणता का, आमटीवर घालायला काहीच नाही. मी गेलो. कोथिंबीर घेतली. परत येताना वाचनालयात शिरलो आणि पेपर चाळत बसलो. वीस मिनिटं. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे. घरी आलो तेव्हा ती ओट्याखाली भिंतीला टेकून बसलेली होती. मला वाटलं, काहीतरी निवडते आहे. गॅस तिने स्वतः बंद केलेला होता.

ही वीस मिनिटं मी कोणालाही सांगितलेली नाहीत. शालनला नाही, डॉक्टरांना नाही. कोथिंबीर घेऊन आलो तर असं दिसलं, इतकंच सांगितलं.

हेमूला नुसतं "गेली" म्हणून भागणार नाही. ती विचारेल, कशी? तुम्ही कुठे होतात?


१३ डिसेंबर, रविवार

शालन सकाळपासून आली होती बॅग भरायला. एकटी आली, पण चौघांएवढं बोलली.

"भावोजी, विमानतळावर सांगू नका हं. इतकी माणसं असतात, भोवळ आली तर?"

"नाही सांगत."

"गाडीतही नको. मुकुंद गाडी चालवत असेल, त्याचा हात हलला तर सगळेच गेलात."

"बरं."

"पोचल्या पोचल्या नको. पोरीने स्वयंपाक करून ठेवला असेल, घास घशाखाली उतरायचा नाही. रात्री सांगितलंत तर झोपणार नाही. सकाळी उपाशीपोटी तर मुळीच नको."

"मग कधी सांगू?"

शालन गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी क्वचितच पाहिलं आहे. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "मला काय विचारता? तेव्हा विचारलंत आणि मी सांगितलं, त्याचंच मला रोज वाटतं आहे. माझी बहीण गेली आणि मी तिच्या पोरीला रडूही दिलं नाही."

मी तिला पाणी आणून दिलं. यात तिचा एकटीचा दोष नाही, असं म्हणायचं होतं. म्हणालो नाही.

कांताने मार्चमध्ये घातलेलं लिंबाचं गोड लोणचं एक बरणी शिल्लक आहे. मी ते काढलं नव्हतं. ते हेमूला न्यायचं ठरलं. बरणी कशात गुंडाळायची म्हणून शालन इकडेतिकडे बघत होती, तोच स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवरचं पातळ तिने ओढून काढलं. चॉकलेटी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. गेली त्याच्या आदल्या दिवशी काढून कांताने ते तिथे अडकवलं होतं. तिच्या बाकीच्या साड्या वाटून टाकल्या, पण हे पातळ मी हलवलं नव्हतं. "अगं, ते राहू दे," म्हणेपर्यंत तिने बरणीला तीन वेढे देऊन गाठही मारली होती.

"धुतलेलं नाहीये ते," मी म्हटलं.

"बरणीलाच तर गुंडाळायचं आहे. बरणी काय नाक मुरडते?"

खुंटी आता मोकळी आहे. दार बंद करताना दर वेळी तिकडे लक्ष जातं.


१६ डिसेंबर, बुधवार

टॅक्सी आली आहे. विमलाबाईंनी हातावर दही घातलं. म्हणाल्या, "सखारामभाऊ, एक सांगते. बोलता नाही आलं तर वही पुढे सरकवा. लिहिताना दिसता रोज." या बाईला सगळं कसं दिसतं कोण जाणे.

पासपोर्ट, तिकीट, पत्रं, वही. पासपोर्ट पुन्हा बघितला. आहे.


१८ डिसेंबर, शुक्रवार. शेफील्ड

काल पोचलो. विमानात झोप लागली नाही. शेजारी एक पंजाबी गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, अकेले? मी मान हलवली.

विमानतळावर हेमू धावत आली आणि मला मिठी मारली. आपल्याकडे अशी पद्धत नाही. मी बॅग धरून तसाच उभा. ती काही केल्या सोडेना. शेवटी मुकुंद म्हणाला, "हेमू, बाबांना गार वारा लागतोय." गार्गी त्याच्या खांद्यावर होती. तिने माझा चष्मा ओढला.

हेमूने माझ्यासाठी स्वेटर विणून ठेवला होता. अंगात नेमका बसला. एप्रिलपासून मी बराच उतरलो आहे, माझे सगळे सदरे ढगळ होतात. हिला माप कसं कळलं?

शालनचं ऐकून विमानतळावर सांगितलं नाही. गाडीत सांगितलं नाही. घरी पिठलं-भात तयार होता, म्हणून तिथेही नाही.

जेवणानंतर बॅग उघडली. हेमूने इस्त्रीची दोन पातळं हातात घेतली, तोंडाजवळ नेली. म्हणाली, "धुतलीत?"

"हो. चांगली दोनदा."

"बरं," म्हणाली आणि बाजूला ठेवली. माझ्या लक्षात आलं की तिला ती आवडली नाहीत. रंग उतरलेले होते खरे. मग मी लोणच्याची बरणी काढली. आईच्या हातचं, असं म्हणालो आणि जीभ चावली. पण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. हेमूने गाठ सोडली, बरणी जमिनीवर ठेवली आणि चॉकलेटी पातळ घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आली नाही. गार्गी माझ्या मांडीवर होती. मुकुंदने चहा केला आणि इथल्या हवेबद्दल बोलत राहिला. बरणी तशीच जमिनीवर.


२१ डिसेंबर, सोमवार

चार दिवस झाले. अजून सांगितलं नाही.

हेमू आईचं नावच काढत नाही. आई कशी आहे, गुडघे कसे आहेत, काही नाही. आई आली नाही याचा राग धरून बसली असणार. तिला राग असाच येतो, आतल्या आत. रागावलेल्या माणसाला हे कसं सांगायचं?

मला मात्र फार जपते. ताटात न विचारता वाढते. माझ्या खोलीत गरम पाण्याची पिशवी ठेवते. काल पायांना खोबरेल चोळून दिलं. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "तिथे कोण बघतं तुमच्या भेगांकडे?" मी म्हटलं, "आई आहे ना." ती वाटीतलं तेल बघत राहिली.

किती खोटं बोलायचं माणसाने. लेकीच्या हातचं तेल पायांवर असताना.


२४ डिसेंबर, गुरुवार

बाहेर सगळीकडे दिवे आहेत. सगळ्यांच्या खिडक्यांत झाडं. हेमूच्या खिडकीत काही नाही. मी विचारलं, तुम्ही नाही लावत? मुकुंद म्हणाला, "दर वर्षी लावतो. यंदा नको म्हणाली."

मुकुंदला उद्या हॉस्पिटलात ड्यूटी आहे. घरी आम्ही दोघं आणि गार्गी. उद्या सांगणार. दुपारचं जेवण झाल्यावर, गार्गी झोपली की. वाक्य पुन्हा लिहून ठेवतो.

हेमू, तुझी आई सात एप्रिलला गेली. तुला कळवलं नाही, कारण तुझी भीती वाटत होती. पत्रांतल्या ओळी मी काढल्या. मला माफ कर, असं म्हणणार नाही. माफ करण्यासारखं नाही.


२६ डिसेंबर, शनिवार

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. आज पेन्सिल घेतली नाही.

जेवण झालं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. इथे नाताळच्या दिवशी बससुद्धा बंद असते. गार्गी झोपली. हेमू टेबलाशी बसून तिचे मोजे जोडीने लावत होती. मी समोर बसलो. वही मांडीवर होती.

"हेमू," मी म्हणालो. "तुझी आई..."

तिथेच थांबलो, नेहमीसारखा. पुढचे शब्द सगळे माहीत होते, पण एकही येईना.

हेमूने मोजा खाली ठेवला. म्हणाली, "कधी, बाबा?"

मला कळलं नाही.

"तारीख सांगा. मला तारीखच माहीत नाही. पंधरा एप्रिलच्या आधी केव्हातरी, एवढंच कळत होतं."

"सात," मी म्हणालो. "मंगळवार. सकाळी."

"सात," ती म्हणाली. मग टेबलावर डोकं ठेवून रडली. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. एवढी मोठी झाल्यावर तिच्या पाठीवर हात ठेवायची वेळ आली नव्हती. मीही रडलो. सात एप्रिलपासून पहिल्यांदा.

बऱ्याच वेळाने ती आत जाऊन बिस्किटांचा डबा घेऊन आली. त्यात माझी सगळी पत्रं. सगळ्यांत वर पंधरा एप्रिलचं.

"यावर श्री नव्हता. बाबा, तुम्ही वाण्याची यादी करताना आधी श्री काढता. सुतकाशिवाय तुम्ही श्री सोडणार नाही, हे मला माहीत नाही? आधी वाटलं, काका गेले असतील. मग खालच्या ओळी बघितल्या." तिने बोट ठेवलं. "अक्षर आईचं. पण ओळी कशा आहेत? पट्टीने मारल्यासारख्या. आईची एक तरी ओळ सरळ होती का जन्मात?"

मी बघत राहिलो. अक्षरात एक काना चुकला नव्हता. सगळ्या ओळी मी सरळ केल्या होत्या, आणि मला त्याचा अभिमान होता.

"मुकुंदला?"

"त्याच दिवशी सांगितलं. त्यानेच सांभाळलं मला. तो म्हणत होता, फोन कर, विचार बाबांना. मी म्हटलं, नाही."

"का नाही? इतके महिने मी..." मी पत्रांकडे बोट केलं. "मला का सांगितलं नाहीस, की कळलं म्हणून?"

हेमू डबा हातात धरून बसली होती. म्हणाली, "सांगितलं असतं, तर आईची पत्रं थांबली असती."

मी वरच्या पत्राची घडी घातली.

"मला माहीत होतं तुम्ही काढता. तरी पत्र आलं की आधी खालच्या ओळी वाचायची. पायात मोजे घाल. मुकुंदला ताक दे. शब्द तिचेच होते ना? पाच ओळी आल्या त्या दिवशी तर मी दिवसभर कोणाशी बोलले नाही. 'नात' लिहिलं होतंत."

"ना आणि त वेगवेगळ्या पत्रांतले होते," मी म्हणालो. सांगायलाच हवं होतं.

ती रडता रडता हसली. "दिसतं ते. त जरा मोठा आहे."

मग तिने विचारलं, कशी गेली, आणि मी सांगितलं. कोथिंबीर. गॅस. भिंतीला टेकून. आणि वाचनालय, वीस मिनिटं. तिच्याकडे न बघता सांगितलं. मोज्यांकडे बघून.

हेमूने हातातला डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "कुणी सांगावं, बाबा. लवकर घरी गेला असतात तर काही झालं असतंही. मी खोटं बोलणार नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "पण तुम्हाला यायला उशीर झाला की ती काय म्हणायची, आठवतं? पेपरात डोकं घालून बसले असतील. तिला माहीत होतं तुम्ही कुठे आहात."

हे मला सुचलं नव्हतं. आठ महिने मी त्या वीस मिनिटांत तिला एकटीलाच बघत होतो.

गार्गी उठली. हेमूने तिला चॉकलेटी पातळात गुंडाळून माझ्याकडे दिलं. पातळ अजून धुतलेलं नाही. त्याला अजून वास आहे, फोडणीचा, थोडा खोबरेलाचा. मी तोंड खाली घातलं ते गार्गीचा पापा घ्यायला, असं कोणाला वाटलं असतं.


२७ डिसेंबर, रविवार

सकाळी लोणच्याची बरणी उघडली. मुकुंदने तीन वेळा घेतलं. हेमू म्हणाली, पुरवून खा, परत मिळणार नाही. हे इतकं सरळ कोणी म्हणालं की बरं वाटतं.

दुपारी शालनला पत्र लिहायला बसलो. वर श्री काढला. सुखरूप पोचलो, हेमूला सगळं आधीपासून माहीत होतं, तू जिवाला लावून घेऊ नकोस. त्या दिवशी पाणी आणून देताना तोंडातून निघालं नव्हतं, तेही लिहिलं.

लिहून झाल्यावर बघतो तर खाली सवयीने तीन ओळींची जागा सुटलेली. खिडकी समोरच होती. मी तसाच बसून राहिलो.

हेमू मागून आली, कागद ओढून घेतला आणि ओट्यापाशी जाऊन उभ्याउभ्याच लिहू लागली. एका हातात गार्गी. "शालनमावशी, बाबांना मी मागून वाढते आहे," असं काहीतरी. खाली रेघांचा कागद नव्हता. पहिली ओळ थोडी वर गेली, दुसरी आणखी वर, आणि तिसरी चढत चढत माझ्या शेवटच्या ओळीला जाऊन टेकली.

"वाकडं झालं का हो?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो आणि पाकीट चिकटवलं.